एक कोयता, दोन माणसं

तुम्ही गोजरबाईला बोलायला बोलावलंत आणि बोलू दिलं नाहीत. जगभरच्या कामगारांची सभा भरवणारे तुम्ही. तुमचं नियमांचं पुस्तक मी दोनदा वाचलंय, तेव्हा मला नियम शिकवू नका.

मी अंगद. खर्ड्यात एसटी स्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. गोजरबाई आणि सहादेव माझ्याच गल्लीतले. दरवर्षी दिवाळीनंतर दोघं ऊसतोडीला देवळाली प्रवरेकडं जातात. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादमाच्या वहीत नाव फक्त नवऱ्याचं. मागच्या हंगामात गोजरबाईच्या पायावर कोयता बसला. विम्याचं विचारायला गेली तर मुकादम म्हणाला, "तुजं नाव हाय का वहीत?"

तिला तुमच्या सभेत एवढंच सांगायचं होतं, की माझं नाव निराळं लिहा.

विषय तुम्ही घेतलात, हे कबूल. कार्यक्रमपत्रिकेत चौदावा, 'शेतातल्या महिला मजूर'. जूनमध्ये तुमच्या समितीनं तो उचलून नवव्या विषयात, 'हंगामी स्थलांतरा'त, मिसळला. कारण लिहिलं, वेळेची बचत. बोलायला मिळणाऱ्या तीन मिनिटांची दोन मिनिटं झाली.

मग फॉर्म आला. बोलणारे किती, नावं काय? इथं चूक माझी. मी विचारलं, "किती जण टाकू?" सहादेव म्हणाला, "एक कोयता." मी एक लिहिलं, नाव सहादेवचं. हात सवयीनं चालला. गोजरबाई समोरच बसली होती. तिलाही काही खटकलं नाही.

डिसेंबरात तुमच्या ऑनलाइन सभेच्या दिवशी लॅपटॉप घेऊन मी फडाजवळच्या त्यांच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, गेलो. दुपारचे तीन. तोड सोडून, बोलणं पाठ करून गोजरबाई तयार होती. तुमची दुभाषी, सुकन्या नावाची, पडद्यावर आली. "सहादेव, बोला."

"मी न्हाई ओ, ही बोलनार."

"यादीत तुमचं एकट्याचंच नाव आहे, दादा. यादी बंद झालीय."

"आवं, आमी एकच कोयता हाय!"

गोजरबाई फस्सकन हसली. "झालं! मुकादम तिकडं बी पोचला म्हना."

"एक मिनिट संपलं," सुकन्या म्हणाली. हे सांगताना तिचाच आवाज पडला होता.

सहादेवनं घसा खाकरला. "ही माजी बायकू, गोजर. तिचं नाव मुकादमाच्या वहीत न्हाई, तुमच्या यादीत बी न्हाई. तिला बोलायचं हुतं. संपलं माजं."

पडदा बंद झाला. गोजरबाई माझ्याकडं वळली.

"अंगदा, शिकलेला ना रं तू? तुजं डोकं कुटं हुतं?"

मी लॅपटॉप मिटला.

"जाऊ दे. मी बी समोरच हुते. मला तरी कुटं कळलं?" म्हणाली आणि कोयता घेऊन फडात गेली. अजून लंगडते.

जानेवारीत तुमचा अहवाल आला. 'भारतातील एका ऊसतोड कामगाराने मनोगत व्यक्त केले. उर्वरित चर्चा पुढील अधिवेशनात.' बस.

दोन विषयांचा एक विषय तुम्ही केलात, दोन माणसांचं एक माणूस मी केलं. मी माझी चूक कबूल केली. आता तुम्ही बोला. चौदावा विषय पुन्हा निराळा होणार का? बोलणाऱ्यांच्या यादीत गोजरबाईचं नाव येणार का? पुढच्या अधिवेशनाची यादी बंद व्हायच्या आधी लेखी उत्तर द्या. आणि पाकिटावर नाव तिचं घाला.