अलकाबाईंच्या तारा

भय्यासाहेबांच्या मेटॅडोरमधून धूर निघाला तो देवास रोडवर, दिवसाढवळ्या, आणि तेही मागच्या बाकावर त्यांचा धाकटा भाऊ मंदार सहकुटुंब बसलेला असताना. गाडी थांबवली, बॅटरीची तार उपसली, कुणाला काही झालं नाही. झालं ते अलकाबाईंचं, कारण गाडीतलं सगळं वायरिंग त्यांनी केलं होतं.

ही मेटॅडोर म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी एका हौशी डॉक्टरांनी बनवून घेतलेलं फिरतं घर. झोपण्यापुरती दोन बाकं, छोटासा ओटा, पाण्याची टाकी. भय्यासाहेबांनी ती नानाखेड्याच्या घरासमोर आणून उभी केली तेव्हा सगळी कॉलनी हसली. त्यांची बायको, अलकाबाई, हसली नाही. टेलिफोन एक्सचेंजमध्ये उभी हयात तारांमध्ये घालवलेली बाई ती. तिने कुजलेल्या तारा ओढून काढल्या आणि नव्या घातल्या. इंजिनाच्या धगीपासून लांब, पत्र्याच्या वरच्या कडेने, मेण लावलेल्या दोऱ्याने वीतवीतभर अंतरावर गाठी मारून. पत्र्यातल्या ज्या भोकातून तारा आत यायच्या त्याला रबराची कडी बसवली, म्हणजे पत्र्याची धार लागायला नको. ऑइल प्रेशरच्या काट्याकडे जाणारी तांब्याची नळी बसवायचं काम तेवढं भय्यासाहेबांनी हौसेने मागून घेतलं. त्या नळीत गरम तेल असतं, ती इंजिनाबरोबर थरथरते, तारांजवळ तिला फिरकू द्यायचं नाही, असं सांगून अलकाबाईंनी दुसऱ्या भोकासाठी खडूने खूणसुद्धा करून दिली होती.

भय्यासाहेबांनी दुसरं भोक पाडलं नाही. मंदार यायचा होता, ड्रिल शेजाऱ्याकडे गेलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना कंटाळा आला होता. त्यांनी ब्लेडने रबराची कडी कापली, नळी त्याच भोकातून आत सरकवली आणि प्लास्टिकच्या पट्टीने तारांच्या जुडग्याला आवळून टाकली. काटा व्यवस्थित हलला, म्हणून ते खूशही झाले.

धुराच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी एकट्याने डॅशबोर्डखाली डोकं घातलं. नळीने घासून घासून जाड तारेचं आवरण खाल्लं होतं. तार नेमकी बॅटरीपासून फ्यूजच्या डबीपर्यंत येणारी, म्हणजे फ्यूज उडून वाचण्याचाही प्रश्न नव्हता. भय्यासाहेब बाहेर आले, हात धुतले आणि अलकाबाईंनी विचारल्यावर म्हणाले, "सगळं काळं झालंय. काही समजत नाही."

एवढ्यावर निभावलं असतं, तर कदाचित त्यांनी ते गिळूनही टाकलं असतं. पण रविवारी मंदारने फ्रीगंजला आपल्या घरी जेवायला बोलावलं. "वहिनी, टेलिफोनची बात वेगळी, गाडीची वेगळी," तो वाढता वाढता म्हणाला. "आम्हाला तर तुम्ही भट्टीतच बसवलं होतं." सगळे हसले. त्याचा कॉलेजात जाणारा मुलगा अर्णव ठसका लागेपर्यंत हसला. आणि भय्यासाहेबही हसले. अलकाबाई ताटाकडे बघत म्हणाल्या, "माझीच गलती झाली. देवाने वाचवलं." भय्यासाहेबांना स्वतःची इतकी लाज वाटली, की पुढ्यातलं श्रीखंड त्यांना गोड लागेना. तरीही त्यांनी ते संपवलं.

त्यानंतर अलकाबाई गाडीकडे फिरकल्या नाहीत. घरचा मिक्सर बंद पडला तो त्यांनी न उघडता दुकानात पाठवला. आजवर त्या घरातलं एकही यंत्र दुसऱ्याच्या हातात गेलं नव्हतं. भय्यासाहेब मिक्सरची पिशवी घेऊन दुकानात गेले आणि रस्ताभर स्वतःला शिव्या देत राहिले. घरी येऊन मात्र त्यांनी अलकाबाईंच्या हातात दुकानाची पावती तेवढी ठेवली.

मग अलकाबाईंनीच मंदारकडून नंबर घेऊन गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या अनिलला बोलावलं. त्याने टॉर्च मारून वरवर पाहिलं. "काम तो साफ है आंटीजी, पर गाडी एक बार जली है. मैं तो पूरा निकालूँगा."

"निकालो," अलकाबाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

अनिलने दोऱ्याच्या पहिल्या गाठीला कटर लावला.

"रुको," भय्यासाहेब म्हणाले. "अलका, तुझ्या तारांची गलती नाही. मी नळी तुझ्याच भोकातून घातली. रबर मीच कापलं."

ड्रिलची, घाईची, सगळी कारणं त्यांनी मनात जुळवून ठेवली होती. अलकाबाईंनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"तुम्हाला कधी समजलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"म्हणजे मंदारकडे गेलो तेव्हा तुम्हाला मालूम होतं."

"हो."

"आणि तुम्ही हसले."

अलकाबाईंनी अनिलच्या हातातून टॉर्च घेतला, आत वाकून सगळं नीट पाहिलं. "ये एक तार बदल दो, बस," त्या त्याला म्हणाल्या. "और नली के लिए अलग छेद करो." मग नवऱ्याकडे वळल्या. "मंदारला फोन लावा."

"संध्याकाळी जाऊनच सांगतो ना."

"आत्ता. माझ्यासमोर."

त्यांनी फोन लावला. स्पीकर अलकाबाईंनी सुरू केला.

"काय दादा," मंदारचा आवाज आला, "निघाल्या का वहिनींच्या फटाक्यांच्या माळा?"

"मंदार, तो धूर माझ्यामुळे निघाला," भय्यासाहेब म्हणाले. "आणि तुझ्याकडे जेवत होतो तेव्हा हे मला माहीत होतं."

भय्यासाहेब फोन बंद करायला गेले, तसं अलकाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"अर्णवला फोन द्यायला सांगा," त्या म्हणाल्या. "तोपण हसला होता."