अर्धं उत्तर

योगिनी बोरस्ते नाशिकच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायच्या. एके काळी त्यांच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत मुलं असत. मग ती हळूहळू ओसरली. कुणी कॉमर्सला गेलं, कुणी बीबीएला, कुणी बारावी झाल्या झाल्या सातपूरच्या कंपनीत लागलं. शेवटी तिसऱ्या वर्षाला एकच मुलगी उरली, रोशनी भोये.

रोशनी पेठ तालुक्यातल्या उंबरदऱ्याची. सावळघाट उतरून पुढे बरंच आत जावं लागतं, तिथलं छोटं गाव. नाशकात ती आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहायची. हा विषय तिनं काही आवडीनं घेतला नव्हता. ती प्रवेशाला पोचली तेव्हा बाकीच्या जागा भरल्या होत्या, एवढंच. पहिलं वर्षभर ती भिंतीला टेकून बसायची आणि हजेरीपुरतं बोलायची.

मग एके दिवशी बाई शिकवत होत्या, की माणसं पुष्कळदा परिणामालाच कारण समजून बसतात. रोशनी उभी राहिली. अंगठ्यानं बाकाची कड घासत म्हणाली, “मॅडम, आमच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, तुम्ही पोरं अभ्यास करत नाही, मग तुम्हाला पुस्तकं देऊन उपयोग काय? पण पुस्तकं नव्हती म्हणूनच आम्ही अभ्यास करत नव्हतो. हे तेच का?”

“हे तेच,” बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून रोशनी पुढच्या बाकावर बसायला लागली.

बाईंची शिकवायची एक रीत होती. कुणाचं म्हणणं खोडायचं असेल, तर आधी ते त्याच्यापेक्षाही नीट मांडून दाखवायचं. आणि दुसऱ्याचं वाक्य तपासायच्या आधी आपलं तपासायचं. वर्गात रोशनी एकटी उरली तेव्हा तिनं यातून एक खेळच काढला. एका बाकावर बसून एक बाजू मांडायची, मग उठून समोरच्या बाकावर जायचं आणि तिथून स्वतःलाच उत्तर द्यायचं. कधी कधी या बाकावरून त्या बाकावर जाता जाता ती मध्येच थांबायची, हसायची आणि म्हणायची, “मॅडम, इकडचीच बाजू खरी निघाली. मला नको होती तरी.” बाई दिवसभर त्या तासाची वाट बघायच्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा विद्यार्थी त्यांना मिळाला नव्हता, आणि मिळाला तो अगदी शेवटी.

शेवटी, कारण प्राचार्य शेखर सरांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं. “एका मुलीसाठी विभाग चालवता येत नाही, मॅडम. जूनपासून हा विषय बंद. तुम्ही मुलाखत कौशल्याचा कोर्स घ्या. हात कसा मिळवायचा, कसं बसायचं, काय बोलायचं. पोरांना तेच हवंय.”

“आणि विचार कसा करायचा?”

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. “ते विचारत कुणी येत नाही हो,” ते म्हणाले.

त्याच उन्हाळ्यात उंबरदऱ्यात जनसुनावणी लागली. तिथल्या ओहोळावर धरण बांधायचं आणि पाणी बोगद्यानं डोंगरापलीकडे द्राक्षपट्ट्यात न्यायचं, असा बेत होता. रोशनीची परीक्षा संपली होती. तिनं बाईंना फोन केला.

“मॅडम, गावानं मला बोलायला सांगितलंय. शिकलेली मीच ना. तुम्ही याल? काही बोलू नका. नुसत्या बसा.”

बाई लगेच हो म्हणाल्या आणि फोन ठेवल्यावर अवघडल्या. त्यांचा धाकटा भाऊ सोमनाथ पिंपळगाव बसवंतला द्राक्षं पिकवायचा. गेल्या दिवाळीला तो या पाण्याबद्दलच बोलत होता. “ताई, ते पाणी आलं ना, मग बघायला नको.” बागेला टँकर घालून घालून तो मेटाकुटीला आला होता. त्याचंही काही चुकत नव्हतं. बाईंनी मनातल्या मनात या बाकावरून त्या बाकावर जाऊन पाहिलं. दोन्हीकडे आपलीच माणसं बसलेली दिसली.

सुनावणी शाळेच्या पटांगणात होती. मांडव घातला होता, टेबलावर पांढरी चादर, पाण्याच्या बाटल्या, माइक. सगळं गाव येऊन बसलं होतं. बायका एका बाजूला, त्यात रोशनीची आई झुंबरबाई. वडील मंगळू पार मागे, खांबाला धरून उभे. गावाचा पुढारी दत्तू. उंच, सडसडीत, बोलायला खणखणीत माणूस, आणि गावासाठी खरोखर झटणारा. सुनावणी सुरू व्हायच्या आधी त्यानं सगळ्यांना जवळ घेऊन बजावलं.

“साहेब विचारल, गाव सोडून कामाला जाता का. सगळ्यांनी एकच सांगायचं, कुणी जात नाय. बारा महिने आम्ही हितंच. जातो म्हणलं की ते म्हणणार, मंग तुम्हाला जमीन कशाला पायजे? रोशनी, ऐकलं का?”

बाईंना रोशनीची मान हलल्यासारखी वाटली, पण हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते कळलं नाही.

सुनावणी घ्यायला आलेले साहेब तरुण होते, सभ्य होते. प्रत्येकाचं शांतपणे ऐकत होते. रोशनी उठली आणि बोलू लागली तेव्हा त्यांनी मोबाइल उलटा ठेवला. तिनं आधी साहेबांचीच बाजू मांडली. पलीकडच्या बागांना पाणी नाही, तिथले लोक खरंच अडचणीत आहेत, धरण झालं तर पुष्कळांचं भलं होईल, हे सगळं तिनं इतकं नीट सांगितलं की गावातली माणसं चुळबुळ करायला लागली. दत्तूच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग तिनं एक एक करून आपले प्रश्न ठेवले. भलं कुणाचं आणि भार कुणावर, हे कुणी ठरवलं? पाऊस आमच्या डोंगरावर पडतो, मग आमच्या वाट्याला त्यातलं किती? साहेब टिपून घेत होते. बाईंना वाटलं, आपण आयुष्यभर जे केलं ते बहुतेक या एका दुपारसाठी होतं.

तिचं झालं तसं साहेब म्हणाले, “फार छान बोललात. आता तुम्हीच मला एक सांगा, कारण तुम्ही सरळ बोलता असं दिसतंय. दिवाळीनंतर या गावातली किती घरं बंद असतात? लोक मजुरीला बाहेर जातात ना?”

दत्तू तिच्याकडे रोखून बघत होता. बाईंनी मांडीवरचे हात घट्ट धरले. नाही म्हण, असं त्यांच्या मनात आलं. आपल्या मनात असं यावं याची त्यांना लाज वाटली, तरी ते आलंच. नाही म्हण, पोरी.

“हो,” रोशनी म्हणाली. “जवळजवळ सगळीच घरं बंद असतात.”

बायकांच्या बाजूनं कुणीतरी “अगं बाई” म्हणालं.

“पण ती का जातात ते लिहा, साहेब,” ती पुढे बोलत होती. “भात निघालं की इथं पाणी उरत नाही, म्हणून जातात. ओहोळ अडवून आम्हाला पाणी द्या, कुणी जाणार नाही. तुम्ही म्हणता, ही माणसं गाव सोडतात म्हणून पाणी पलीकडे न्यायला हरकत नाही. पण पाणी नाही म्हणून ती गाव सोडतात. आणि सोडून जातात कुठं? तुम्ही हे पाणी ज्या बागांना देणार, त्याच बागांत. मजूर म्हणून.”

इतकं स्वच्छ बोलणं बाईंनी परिषदांमध्येसुद्धा ऐकलं नव्हतं. साहेबांनीही मान डोलावली. पण त्यांच्या शेजारच्या लेखनिकाचं पेन ‘हो’पाशीच थांबलं होतं. दत्तू उठून ओरडायला लागला होता, दहाजण एकदम बोलत होते, आणि त्या गलक्यात रोशनीचं पुढचं बोलणं कुणाच्या कानावर गेलं आणि कुणाच्या नाही, ते सांगता येत नव्हतं. शेवटी वृत्तान्त वाचून दाखवला तेव्हा त्यात एवढंच होतं: गावातील सुशिक्षित प्रतिनिधीच्या सांगण्यानुसार ग्रामस्थांची उपजीविका मुख्यत्वे स्थलांतरित मजुरीवर अवलंबून आहे.

“मी असं म्हटलं नाही,” रोशनी म्हणाली.

“तुम्ही हो म्हणालात ना?” साहेब म्हणाले, तेही मऊपणानंच. “बाकीचं तुमचं मत झालं. मतं आम्ही वेगळी नोंदवतो.”

ती कुठे नोंदवली, ते पुढे कुणाला कळलं नाही.

मांडव उतरवत असताना दत्तू बाईंपाशी आला. तो चिडलेला नव्हता, थकलेला होता. “तुम्हीच का तिच्या मॅडम? चांगली शिकवली. आमी ज्याला भीत होतो ते तिनं सोताच्या तोंडानं दिलं. एक नाय म्हणायला काय जात होतं तिचं?”

बाईंना त्याला पुष्कळ सांगता आलं असतं. खोटं आज ना उद्या उघडं पडलं असतं, साहेबांना सगळं आधीच माहीत होतं, निर्णय मुंबईला कधीच होऊन गेला होता. सगळं खरं होतं. एसटीला उशीर होता तोवर झुंबरबाईनं त्यांना काळा चहा दिला आणि त्यांच्याकडे न बघता घरात निघून गेली.

धरणाला मंजुरी मिळाल्याची बातमी पावसाळ्याच्या तोंडी आली. सोमनाथनं फोन करून पेढे वाटल्याचं सांगितलं. बाई बरं म्हणाल्या. कॉलेज सुरू झालं होतं आणि त्या मुलांना मुलाखतीला कसं बसायचं ते शिकवत होत्या. पाठ ताठ, हात मांडीवर, चेहऱ्यावर हसू. पन्नाससाठ मुलं टिपून घ्यायची. प्रश्न कुणीच विचारायचं नाही.

रोशनी पुण्याला एमएला जाणार होती, तसं ठरलं होतं. तिचा फोन लागेना. वसतिगृहातल्या एका मुलीकडून कळलं ते असं, की आवणीच्या दिवसांत मंगळूच्या शेतावर गावातलं कुणी आलंच नाही. तिकडे भाताची लावणी एकमेकांच्या हातानं होते. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. कुणी भांडलं नाही, शिवी दिली नाही, नुसतं कुणी आलं नाही. म्हातारा, म्हातारी आणि रोशनी चिखलात तिघंच लावत राहिले. अर्धं शेत तसंच पडून राहिलं. प्रवेशाची तारीख त्यातच निघून गेली.

डिसेंबरात बाई दोन दिवस सोमनाथकडे पिंपळगावला गेल्या. बागेत थिनिंग चाललं होतं, घडातले जास्तीचे मणी कापून घड मोकळा करायचं काम. पेठकडच्या मजुरांची टोळी आली होती. बाई बांधावरून चालत होत्या आणि एका ओळीत, डोक्याला रुमाल बांधून, हातात बारीक कात्री घेऊन रोशनी उभी होती.

दोघींनी एकमेकींना पाहिलं. पळून जावंसं बाईंना वाटलं. रोशनीनं हातातला घड पुरा केला, मग ओळीतून बाहेर आली.

“ही तुमची बाग, मॅडम?”

“भावाची.”

“चांगली हाय,” ती म्हणाली. मग लगेच, “चांगली आहे.”

जेवणाच्या सुट्टीत त्या बांधावर बसल्या. तेवढ्यात मुकादम येऊन बायकांना सांगून गेला, की काम मागे पडलंय, सकाळी धुकं होतं म्हणून उशिरा सुरू झालं, तर आज अंधार पडेपर्यंत थांबायचं. खरं तर बायकांना उशिरा आणणारी गाडी त्याचीच होती. बायका माना खाली घालून भाकरी खात राहिल्या. बाईंनी रोशनीकडे पाहिलं. तीही खात होती.

“तुला दिसलं ना, तो काय म्हणाला ते?”

“दिसलं.”

“मग?”

“विचारून काय होतं ते तुम्हीपण बघितलंय, मॅडम. आता टोळीतनं काढलं तर आईलापण काढतील.” तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. “दिवसभर हेच चालतं डोक्यात. मुकादम बोलला की, टीव्हीवर कुणी बोललं की, आई बोलली तरी. कुठं चुकलं ते आपोआप दिसतं. बाकीच्यांना दिसत नाही, त्यांना रात्री झोप लागते. हे बंद करता येतं का? तेवढं शिकवायचं राहिलं का आपलं?”

“नाही येत बंद करता,” बाई म्हणाल्या. “मला नाही आलं.”

पलीकडच्या ओळीत सोमनाथ कुणाला तरी मोठ्यानं पाइपलाइनची जागा दाखवत होता. “मी तुझं वाटोळं केलं का गं?” हा प्रश्न बाईंच्या ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला. त्याचं उत्तर मागून त्या पोरीवर आणखी एक ओझं कशाला टाकायचं, असं त्यांना वाटलं.

रोशनीच म्हणाली, “मॅडम, एक सांगा. खरं सांगा, माझ्यासाठी म्हणून नको. त्या दिवशी मी जे बोलले, त्याच्यात चूक होती का कुठं? मी लय वेळा उलटंसुलटं करून पाहिलं. मला सापडत नाही. पण सगळं गाव म्हणतं, म्हणजे असेल. तुम्ही बघा.”

बाईंनी तिचं म्हणणं पहिल्यापासून पुन्हा मनात मांडलं. घाईनं नाही म्हणायचं नव्हतं. साहेबांची बाजू, तिची बाजू, कारण कुठलं, परिणाम कुठला, एखादा दुवा निसटतोय का. रोशनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. वर्गात बघायची तशी.

“नाही,” बाई म्हणाल्या. “कुठेच चूक नव्हती.”

रोशनीनं मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते, पण ती रडली नाही. ओढणीच्या टोकानं कात्रीची पाती पुसली, झुंबरबाईला हाक मारली आणि दोघी मायलेकी वेलींच्या ओळीत शिरल्या.