नापास फरशी

आमचे हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. हात थरथरायला लागला तसे ब्रश बांधून माळ्यावर टाकले आणि घरातल्या सगळ्यांच्या चुका काढायला मोकळे झाले. मला त्यांची दया येते, नाही असं नाही. पण तासभरच, मग राग येतो.

लेक कॉम्प्युटरवर रेघांची चित्रं करते. एकच चौकोन, त्याला ती फरशी म्हणते, आणि त्यावर दोन कमानी. प्रत्येक कमान एका कडेच्या मध्यातून निघते आणि शेजारच्या कडेच्या मध्यात संपते. कॉम्प्युटर ती फरशी वाटेल तशी फिरवून शेकडो वेळा मांडतो, तरी रेघेला रेघ जुळतेच. वाचनालयाने तिच्याकडे भिंतभर चित्र मागितलं होतं. ती म्हणाली, "बाबा, या वेळची फरशी तुम्ही काढा."

झालं. हे कागदांचे बोळे करत बसले. हात जरा हलला की कागद नापास. शेवटी गुपचूप कंपास काढला आणि गुळगुळीत कमानी मारून कागद ऐटीत लेकीच्या हातात दिला.

चित्र आलं ते गटाराच्या जाळीसारखं. लेक तोंड पाडून बसली. बापाला सांगणार कोण?

त्यांच्या नापास कागदांतला एक बोळा मी उलगडून कपाखाली घेतला होता. तोच पुसून तिच्यापुढे सरकवला. "हा घालून बघ." टोकं कडेच्या अगदी मध्यावर होती, जन्माची सवय ती. रेघ तेवढी वाटेत थरथरली होती.

वाचनालयात चित्र लागलं आणि अख्खी भिंत पाण्यासारखी हलायला लागली. लोक पुस्तकं बाजूला ठेवून रेघेवर बोट धरून चालत होते. हे जवळ गेले, चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळले.

"ही मी टाकून दिलेली फरशी आहे."

"हो. मीच दिली तिला."

"हात हललाय माझा. आता सगळ्या गावाला दिसतोय."

"दिसू दे की." मला रडू येत होतं म्हणून मी आवाज चढवला. "कंपासवाल्या फरशीकडे कुत्रंसुद्धा फिरकलं नसतं."

लेक खांबाआड उभी राहून नखं खात होती. हेही रेघेवर बोट धरून भिंतीच्या टोकापर्यंत चालत गेले. मग तिला हाक मारली.

"पुढची भिंत कधी आहे? आधी सांगत जा. याहून वाईट काढून देतो."