प्रेमळ राक्षसाची उंची

भावोजींची उंची सहा फूट सात इंच. मोजमाप शिंप्याचं आहे आणि शिंप्याने ते स्टुलावर चढून घेतलं आहे, तेव्हा एखादा इंच इकडेतिकडे. एवढ्या उंचीचा माणूस कुठेही खपला असता. हे गृहस्थ वाचनालयाच्या बालविभागात नोकरीला लागले, जिथलं सगळ्यात उंच कपाट त्यांच्या कमरेला येतं. आवाज मऊ, स्वभाव त्याहून मऊ. पण मुलांना स्वभाव नंतर दिसतो, गुडघे आधी दिसतात. सुरुवातीला भावोजी गोष्टीच्या तासाला दारातून वाकून आत आले, की पुढच्या रांगेतली दोन-तीन पोरं भोकाड पसरायची.

ग्रंथपालबाई शिस्तीच्या. त्यांनी एक वही ठेवली होती. दर बुधवारी गोष्टीचा तास संपला की तिच्यात रडलेल्या मुलांची संख्या लिहायची. पाचपर्यंत चालेल, असं त्यांनी कुठल्याशा परिपत्रकाच्या आधारे ठरवलं होतं. त्यावर आकडा गेला की भावोजींची बदली तळघरात, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांपाशी. तोवर खबरदारी म्हणून भावोजींनी मुलांसमोर उभं राहायचं नाही, अशी तोंडी सूचना होती. त्यामुळे दोन वर्षं हा माणूस मुलं यायच्या अर्धा तास आधी येऊन सतरंजीवर मांडी घालून बसायचा आणि सगळी गेल्यावर उठायचा. मध्ये पाय झोपी जायचे. एकदा तर आधी पाय उठवून मग स्वतः उठायला त्यांना दहा मिनिटं लागली.

हे सगळं ते घरी सांगायचे नाहीत. पण वहिनींना कळलं. वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको, मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायच्या. एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर रंगांच्या वाट्या सारत त्यांनी विचारलं, "भावोजी, वही कितीवर आली?"

"चार," भावोजी म्हणाले. "गेल्या बुधवारी चार. त्यातलं एक दात दुखत होता म्हणून रडलं, पण वहीत कारणाचा रकाना नाही."

वहिनींनी त्याच आठवड्यात 'प्रेमळ राक्षस' काढायला घेतलं. सोळा पानांचं पुस्तक. पहिल्याच चित्रात राक्षस घरात शिरतोय, डोकं छताला टेकलेलं, खांदे आढ्याखाली, गुडघे वाकलेले, एक पाऊल पानाबाहेर. चेहरा मात्र इतका ओशाळलेला, की बघणाऱ्याला वाटावं याला आधी बसायला काहीतरी द्यावं. चेहरा कोणाचा होता हे घरात कोणी बोललं नाही. भावोजींनी चित्र पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"मुलांनी हे एकदा पाहिलं की झालं," वहिनी म्हणाल्या. "मग तुम्ही खुशाल उभे राहा."

आता प्रकाशनसंस्थेबद्दल सांगायला हवं. तिथे एक जुनी पद्धत होती. प्रत्येक पुस्तक एका तपकिरी फाइलीतून सगळ्या टेबलांवर फिरायचं आणि प्रत्येकाने सही करायची. पण नुसती सही चालत नसे. शेरा न लिहिता केलेली सही म्हणजे न वाचता केलेली सही, असं मालकांच्या वडिलांनी ठरवून ठेवलं होतं. त्यामुळे तिथली माणसं चित्र बघायच्या आधी शेरा शोधायची. शिपाईसुद्धा फाइल नेता नेता म्हणायचा, "आकाश जरा जास्तच निळं वाटतंय."

वहिनी या धंद्यात मुरलेल्या. अशा ठिकाणी काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं. चित्रात मुद्दाम एखादी नको ती गोष्ट घालून ठेवायची. सगळे ती काढा म्हणतात, शेरे पुरे होतात आणि मूळ चित्र वाचतं. म्हणून त्यांनी प्रत्येक पानावर एक शेळी घातली. गोष्टीशी तिचा काडीचा संबंध नव्हता. पान तीनवर ती खिडकीतून बघत होती, पान सातवर उगाच छत्री चावत होती.

शेळी सगळ्यांना आवडली.

फाइल परत आली तेव्हा बालमानसतज्ज्ञांनी लिहिलं होतं, "शेळी फार गोड. राक्षस मात्र उंचीने दडपण आणतो, कमी करावा." विक्रीवाल्यांनी लिहिलं होतं की शेळी मुखपृष्ठावर यावी. छपाईवाल्यांचा शेरा तांत्रिक होता. राक्षस पानात बसत नाही, पाऊल कापलं जाईल, तरी राक्षस पानात बसवावा. हे तिघंही आयुष्यात कधी एका खोलीत पाच मुलांबरोबर बसलेले नव्हते, पण उंटावरून शेळ्या हाकायला खोलीत जावं लागत नाही. शिवाय इथे शेळी आयतीच होती.

वहिनींनी राक्षस थोडा खाली आणला. फाइल पुन्हा फिरली. आता पहिल्या फेरीचाच शेरा दुसऱ्यांदा लिहिणं बरं दिसेना, म्हणून प्रत्येकाने नवा लिहिला, आणि नवा म्हणजे जुनाच थोडा वाढवून. राक्षस दाराएवढा झाला. तिसऱ्या फेरीत खुर्चीएवढा. वहिनी मालकांना जाऊन भेटल्या. मालक भला माणूस. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तुमचं पटतं मला," ते म्हणाले. "पण राक्षस मोठाच हवा, हे कोणी लिहून दिलंय का? माझ्याकडे लिहिलेलं सगळं लहान करा म्हणतंय."

"मी लिहून देते."

"तुम्ही चित्रकार. तुमची सही फाइलीवर नसते."

मालकांनीही मग रीतीप्रमाणे आपला शेरा लिहिला. राक्षसाला शेळीपेक्षा मोठं ठेवल्यास शेळीवर अन्याय होतो.

पुस्तक छापून आलं. मुखपृष्ठावर आणि आत पानोपानी घराएवढी शेळी, गळ्यात घंटा. तिच्या पुढच्या खुराशेजारी, नीट निरखून पाहिलं तर, एक गृहस्थ उभे होते. नाव तेवढं तेच राहिलं होतं, कारण ते आधीच नोंदवून झालं होतं. वहिनींनी पुस्तक भावोजींच्या हातात दिलं आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजली.

"चांगलं आहे हो," भावोजी म्हणाले. "शेळी फार जिवंत आहे."

"काही बोलू नका तुम्ही," वहिनी म्हणाल्या.

बुधवार आला. भावोजी ठरल्याप्रमाणे आधीच येऊन बसले. बावीस मुलं आली. भावोजींनी पुस्तक उघडून धरलं आणि वाचू लागले, एक होता राक्षस, एवढा मोठा की त्याला घर पुरत नसे. मुलांनी चित्रात पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. मागच्या रांगेतल्या एकाने शेळी हाच राक्षस असावा असं मत मांडलं आणि ते थोडा वेळ मान्य झालं. पुढे बसलेली दोन वेण्यांची मुलगी मात्र गुडघ्यांवर सरकत पुस्तकाशी आली. तिने खुराशेजारच्या गृहस्थांवर बोट ठेवलं, मग मान वर करून भावोजींकडे बघितलं. बसलेले असले तरी बरीच वर करावी लागली.

"काका, हे चुकलंय," ती म्हणाली. "राक्षस तुमच्याएवढा असतो."

खोटं बोलायची भावोजींना सवय नव्हती. "आधी होता तेवढा," ते म्हणाले. "नंतर लहान केला."

"का?"

"मोठ्या माणसांना भीती वाटली."

यावर मुलांमध्ये जे हसू पसरलं ते आवरेना. एवढी मोठी माणसं, आणि चित्राला भ्यायली. एकाला तर हसता हसता उचकी लागली. मग वेण्यांची मुलगी म्हणाली, "उभे राहा ना. बघू, केवढा होता."

भावोजींनी दाराकडे पाहिलं. ग्रंथपालबाई दिसत नव्हत्या. पाय झोपलेले होते, ते आधी जागे करावे लागले. मग ते उठले. हळूहळू, टप्प्याटप्प्याने. बावीस माना त्यांच्याबरोबर वर गेल्या. कोणी रडलं नाही. मुलगी पुढे आली, पुस्तकातला राक्षस भावोजींच्या पायाच्या अंगठ्याला लावून पाहिला आणि सगळ्यांना सांगितलं, "नखाएवढा पण नाही." त्यानंतर प्रत्येकाला आपण भावोजींच्या कुठपर्यंत येतो ते मोजून हवं होतं. त्यात तास संपला.

तास संपल्याचं कळताच नऊ मुलं रडली. त्यांना जायचं नव्हतं. दोघांनी भावोजींचा एकेक पाय मिठीत धरला होता आणि आयांना ते सोडवून घ्यावे लागले.

ग्रंथपालबाईंनी वहीत नऊ लिहिलं.

"बाई, ती घरी जायचं नाही म्हणून रडली," भावोजी म्हणाले.

"मला दिसलं," ग्रंथपालबाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "पण आकडा नऊ आहे. तुम्हीच मोजा हवं तर."

भावोजींनी मोजली. नऊच होती. सोमवारपासून ते तळघरात बसू लागले.

पुढच्या बुधवारी वर नव्या बाई आल्या. उंची पाच फूट, आवाज मधाचा, हातात बाहुली. शिडीएवढे काका कुठे गेले, असं मुलांनी विचारलं. ते आता येणार नाहीत असं कळल्यावर सतरा मुलं रडली, आणि ती इतक्या एकसुरात की शेजारच्या वाचनकक्षातल्या पेन्शनरांनी लेखी तक्रार केली. ग्रंथपालबाई दोन दिवस वही समोर ठेवून बसल्या. नियम मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शेवटी त्यांनी नियमातूनच वाट काढली. तळघरातला आवाज वर ऐकू येत नाही. ऐकू न आलेलं रडणं मोजता येत नाही. तेव्हा गोष्टीचा तास यापुढे तळघरात, भावोजींपाशी.

त्यानंतरच्या बुधवारी वहिनी स्वतः गेल्या. काखेत तीच तपकिरी फाइल होती, मालकांकडून परत आणलेली, आत मूळ सोळा चित्रं, राक्षस लहान करण्याआधीची. जिना उतरून त्या दारातच थांबल्या.

तळघराची उंची सहा फुटांच्या आत. गठ्ठे भिंतीला सारून मुलं मध्ये बसली होती. भावोजी उभे होते. डोकं छताला टेकलेलं, खांदे तुळईखाली, गुडघे वाकलेले, एक पाऊल जागा नाही म्हणून जिन्याच्या पहिल्या पायरीवर. चेहरा ओशाळलेला. वहिनींनी फाइल उघडून पहिलं चित्र पाहिलं, मग समोर पाहिलं, मग चित्र भावोजींच्या हातात दिलं.

वेण्यांची मुलगी दोन्हीकडे आळीपाळीने बघत होती.

"काका, तुम्ही इथे मावत नाही," ती म्हणाली.

"नाही मावत," भावोजी म्हणाले, आणि त्यांनी चित्र सगळ्यांना दिसेल असं खाली धरलं.