साडेसातशे ग्रॅम गारवा

"दुकानात तिळाचा दाणा मोजून देणारा माणूस, आणि इथं आमटीत पाणी वाढवावं तसा गॅस ओतत बसला," सुवर्णाबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. इतक्या जवळून, की त्यांच्या तोंडातल्या लवंगेचा वास आला. आम्ही दोघी त्यांच्या गाडीच्या पुढच्या दारातून आत डोकी घालून मागे बघत होतो. गाडीची शेवटची सीट पाऊण किलोमीटर लांब गेली होती.

बाहेरून गाडी होती तेवढीच होती. पांढरी, सात जणांची, माझ्या शेडमध्ये नीट मावलेली. मी टेप लावून बघितलं, चौदा फूट सात इंच. डिकी उघडली की शेवटची सीट अगदी हाताशी दिसायची, रिकामी, गादीला खोबरेल तेलाचा वास. पण पुढून आत बघितलं की तीच सीट दूरवर होती आणि तिच्यावर त्यांची मुलगी गिरिजा बसलेली होती, मोहरीएवढी. मांडीवर पुस्तक. ती जर्मन भाषेची क्रियापदं पाठ करत होती.

"चार वाजता निघायचंय," तिचे वडील बसवराज हत्तरगी, म्हणजे अप्पा, म्हणाले. त्यांचं अक्कलकोट रोडला बियाण्यांचं दुकान आहे. "रात्री मुंबई, पहाटे विमान. बॅगा भरून झाल्या. हिलाच तेवढं बाहेर काढायचं राहिलंय, एवढं लांब रांगत यायचं म्हणजे गुडघे सोलतील."

घड्याळात दोन वाजले होते. मी बॉनेट उचललं. आत एक स्टिकर असतो, बहुतेक लोक गाडी धुताना तो घालवतात. मला गाडीच्या एसीचं हे काम कुणी शिकवलं नाही, या स्टिकरांनीच शिकवलं. त्यावर लिहिलं होतं, गॅस साडेसातशे ग्रॅम.

"तुम्ही किती घातला?"

"मावला तेवढा."

"वजन?"

"वजन कसलं करायचं ओ ताई? पोरीला गार लागायला पाहिजे."

गिरिजा नर्स झाली होती आणि जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात तिला नोकरी लागली होती. भाषेची परीक्षा एप्रिलात होती, आणि सोलापूरचा एप्रिल म्हणजे घरात पंख्याखाली बसलं तरी वहीवर घाम टपकतो. म्हणून ती अंगणात उभ्या केलेल्या गाडीत एसी लावून अभ्यासाला बसायची. अप्पा दर रविवारी बाजारातून गॅसचा डबा आणायचे आणि तिच्या नकळत भरायचे. पहिल्या रविवारी सीट वीतभर मागे सरकली. त्यांना वाटलं, बरं झालं, पाय मोकळे झाले पोरीचे. दुसऱ्या रविवारी तिला चहा द्यायला सुवर्णाबाईंना गुडघ्यांवर रांगत जावं लागलं. पाचव्या रविवारी चहा पोचेपर्यंत थंड झाला. परीक्षा तिनं फोनवरूनच दिली. पास झाली.

"तिनं काही म्हटलं नाही?" मी विचारलं.

"म्हणाली, बरं वाटतंय इथं," अप्पा म्हणाले. "शांत आहे म्हणाली."

सुवर्णाबाईंनी दातांखालची लवंग फोडली.

मी सगळ्यांना गॉगल दिले. हा गॅस डोळ्याला लागला तर डोळा गोठतो, बोटाला लागला तर बोट. हातमोजे माझ्याकडे दोनच जोड होते, एक मी घातला आणि एक अप्पांना दिला, कारण हात घातल्याशिवाय त्यांना राहवणार नाही हे मला दिसत होतं.

"ताई, एक सुचवू?" ते म्हणाले. "सोडून द्या की हवेत. नट ढिला करायचा, फुस्स, दोन मिनिटांचं काम."

"पलीकडच्या गल्लीत एकानं असंच सोडलं होतं."

"मग?"

"मग गल्ली अजून लांबलेलीच आहे. शेवटच्या घरी दूध पोचेपर्यंत त्याचं दही होतं. त्यांनी आता दूधवाल्याला सोडलं, विरजण लावणंही सोडलं."

अप्पांनी पुन्हा नट ढिला करायचा विषय काढला नाही. मी निळा पाईप निळ्या तोंडाला आणि लाल पाईप लाल तोंडाला लावला, दुसरं टोक मशीनला, मशीनमधून रिकाम्या टाकीला, आणि टाकी वजनकाट्यावर ठेवली. असा गॅस ओढून घ्यायचा असतो, हळूहळू, मोजून. शेडची दोन्ही दारं उघडली. गाडीच्या सगळ्या काचा खाली घेतल्या.

"आता कुणीतरी आत बसायला लागेल," मी म्हटलं. "गॅस निघाला की गाडी आखडते. आत माणसं असली की माणसांपाशी येऊन थांबते. रिकामी असली तर कुठं थांबायचं ते तिला कळत नाही. एका डॉक्टरांची गाडी तशी रिकामी आखडली. ते तिचा टेबलावर पेपरवेट म्हणून वापर करतात."

"तुम्ही पण बसा," सुवर्णाबाई म्हणाल्या. "आम्ही दोघंच बसलो की भांडतो."

म्हणून आम्ही तिघं मधल्या सीटवर चढलो आणि लहान मुलं बसतात तसे उलटे, गुडघ्यांवर, पाठीच्या गादीवर हनुवट्या टेकून बसलो. तिघांच्या डोळ्यांवर गॉगल. समोर लांबच लांब राखाडी गालिचा, दोन्ही बाजूंनी खिडक्यांची रांग, आणि अगदी शेवटी गिरिजा. मी बाहेर हात काढून मशीनचं बटण दाबलं.

काट्यावर शंभर ग्रॅम झाले आणि ती चाळीस पावलं जवळ आली.

"गिरिजाऽऽ," अप्पा ओरडले. "स्वेटर वरच्या बॅगेत ठेवलाय गं!"

आवाज तिच्यापर्यंत गेला आणि तिचं उत्तर परत आलं, त्यात थोडा वेळ गेला. "हूं."

"शेंगाचटणी तीन पुड्या आहेत," सुवर्णाबाई ओरडल्या. "एक शेजारणीला दे. ओळख होते."

"हूं."

पाचशे ग्रॅम. आता ती मोहरीएवढी नव्हती, भातुकलीतल्या बाहुलीएवढी झाली होती. वेणी दिसायला लागली. सुवर्णाबाई मला हळूच म्हणाल्या, "दोन वर्षांनी सुट्टी मिळते म्हणे त्यांना. महिनाभर."

"मिळते म्हणजे मिळतेच," अप्पा म्हणाले. "कायदा आहे तिकडं."

"मी कुठं नाही म्हणतेय?"

"मग मिळते म्हणे काय? मिळते."

"बरं, मिळते."

"आणि कंत्राट पाच वर्षांचं. पाच वर्षं काय, अशी जातात. आपण दुकानाचं शटर बदललं त्याला किती झाली?"

"नऊ."

मी काट्याकडे बघितलं. हजार. मला त्या मुलीबद्दल काही माहीत नव्हतं, आणि जे कळत होतं ते बोलायचं काम माझं नव्हतं. मशीन घरघरत होतं. खिडक्यांची रांग एकेक करून कमी होत होती, जशी रुळलेली माळ कुणी बोटावर गुंडाळावी.

सतराशेला ती ओरडली नाही, नुसतं बोलली, आणि ऐकू आलं. "अप्पा, गॉगल काय घातलेत? लग्नाची वरात आहे का?"

"सुरक्षेसाठी असतात," अप्पा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं.

अठराशे पन्नासला ती तिच्या जागेवर आली. शेवटची सीट मधल्या सीटच्या मागे, जिथं असायला हवी तिथं. पाय खाली सोडलेले, पायांत नवे बूट, मांडीवर पुस्तक मिटलेलं. पंचवीसेक वर्षांची, आईच्या नाकाची, बापाच्या कपाळाची. तिनं घड्याळ बघितलं.

"तीन वाजले. चला, मला केस धुवायचेत."

स्टिकरवरच्या वजनाएवढाच गॅस आता आत उरला होता. तिला उतरता आलं असतं. मी बटणाकडे हात नेला.

"ताई," अप्पा म्हणाले, "पूर्ण काढायचा असतो ना?"

"असतो," मी म्हटलं. खरं तेच होतं. बाजारच्या डब्यांतून काय काय आत गेलं असेल, सांगता येत नाही. सगळं काढायचं, आतली हवा आणि ओल ओढून घ्यायची, मग नवा गॅस वजनानं भरायचा. नियम आहे. पण ते नियम म्हणून विचारत नव्हते, हे आम्हा चौघांनाही कळत होतं.

"मग काढा की पूर्ण," ते म्हणाले. "नियम तो नियम."

"काढा," सुवर्णाबाई म्हणाल्या. भांडल्या नाहीत.

गिरिजानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पंधरा मिनिटं लागतील." ती म्हणाली, "बरं."

एकोणीसशे. तिचे गुडघे आमच्या गादीला टेकले. दोन हजार शंभर. गादी मधून निघून गेली, कुठं गेली ते मला दिसलं नाही, आणि तिचे गुडघे माझ्या पोटाला लागले. छप्पर खाली आलं, आम्ही माना वाकवल्या. दोन हजार चारशे. सुवर्णाबाईंच्या बांगड्या माझ्या बरगडीत रुतल्या, अप्पांचं कोपर माझ्या खांद्यावर आलं आणि तिथंच राहिलं. कुणी सॉरी म्हटलं नाही, तेवढी जागा नव्हती. खिडक्या आता काडेपेटीएवढ्या होत्या. त्यांतल्या एकीतून मला मशीन दिसत होतं.

"आई, तुझा पाय."

"माझा नाही, तो ताईंचा असेल."

"माझा आहे," मी म्हटलं. "पण हलवता येत नाही."

"असू द्या," गिरिजा म्हणाली.

दोन हजार सहाशेला गॅस संपला. मशीननं स्वतःच पुढचं काम सुरू केलं, आतली हवा ओढायचं. मशीनवरचा दाबाचा काटा शून्यावर आला आणि शून्याच्या खाली जायला लागला. आम्ही चौघं डब्यातल्या भाकऱ्यांसारखे एकमेकांवर बसत गेलो. कुणाचा गाल कुणाला लागला होता, सांगता आलं नसतं. इतक्या जवळून माणसाचा चेहरा दिसत नाही, नुसती त्याची ऊब लागते. अप्पा काहीतरी बोलायला लागले, "दिवाळीला आपण..." आणि थांबले, कारण बोलायला छाती फुगवावी लागते.

मशीन थांबलं. शेडमध्ये एकदम शांत झालं.

"झालं?" सुवर्णाबाईंनी विचारलं.

"आता दहा मिनिटं नुसतं बघायचं," मी म्हटलं. "काटा वर चढला तर कुठंतरी गळतंय. नाही चढला तर कुठं फट नाही."

आम्ही बघत राहिलो, म्हणजे खिडकीजवळ होते म्हणून मी बघत होते, आणि ते तिघं माझा श्वास ऐकत होते. एक मिनिट गेलं. दोन गेली. कुणाच्या तरी छातीत धडधडत होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना सारखंच लागत होतं.

मग आमच्या मधोमध कुठंतरी, अगदी हळू, ओरडायची गरज नसलेल्या आवाजात गिरिजा म्हणाली, "अप्पा, मी परत येणार नाहीये."

काटा हलला नाही.