उलटा तीन

मी एक जुना फासा आहे, मित्रांनो. काळं प्लास्टिक, वीस बाजू. लुडोवाला सहा बाजूंचा माझ्यासमोर बच्चा आहे.

नवी मुंबईत, पावणे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी बनलो. अस्मिताचे पप्पा, सदू, तिथे साचे कोरायचे. पोरीला दोस्तांबरोबर जादूगार-राक्षस बनून खेळायचा वीस बाजूंच्या फाशाचा खेळ खेळायचा होता, म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझा साचा कोरला. मराठी आकड्यांत. साच्यात आकडे उलटे कोरायचे असतात, तेव्हा वस्तूवर सुलटे उमटतात. मालकाचा एकही साचा कधी चुकला नाही त्यांच्या हातून. माझाच चुकला. घाईत आकडे सुलटे कोरले, आणि मी बाहेर आलो तो आरशातल्यासारखा. बाकीचे आकडे कळायचे. पण आरशात ३ चा ६ दिसतो, आणि ६ चा ३.

अस्मिता हसून हसून लोळली. मग बोलली, "पप्पांनी कोरलंय ते खरं. सहा दिसला की तीन धरायचा."

दोन वर्षं त्यांच्या नेरूळच्या घरात मी पडत राहिलो. हिशोब सोपा आहे. खेळात अस्मिता जादूगारीण. मंत्र टाकताना मला फेकायचं. माझा आकडा, अधिक जादूगारणीच्या बुद्धीचे चार, अधिक सरावाचे तीन. बेरीज राक्षसाच्या चिलखताच्या आकड्याला पोचली की मंत्र लागला. नाही पोचली तर गेला फुकट. वीस पडला की अस्मिता माझी पापी घ्यायची. एक पडला की भिंतीवर आपटायची. सवय झाली.

मधे मशीनमध्ये पप्पांची दोन बोटं गेली. काम सुटलं. आता ते खिडकीशी बसून खेळ बघतात.

गेल्या रविवारी शेवटचा डाव होता. खेळ चालवणारा निशांत शिकायला पुण्याला चाललेला. राक्षसाचं चिलखत तेरा. मंत्र लागला तर अस्मिताची जादूगारीण वाचणार, नाहीतर दोन वर्षं जपलेली बाई खलास.

तिने मला फेकलं. सहा दिसला.

"सहा, चार, तीन. तेरा!" निशांत ओरडला. "लागला ना यार!"

"तीन आहे तो. दहा झाले."

"पागल आहेस का? खेळ मी चालवतोय, मीच बोलतोय सहा घे."

"भीक नको देऊ हां मला."

"घे गं बाय," पप्पा खिडकीशी बसल्या बसल्या बोलले. "चूक माझी हाय."

"दोन वर्षं तीन होता, पप्पा. आज मरायला लागली म्हणून सहा?"

तिने वही ओढली आणि जादूगारणीच्या नावावर रेघ मारली. रडली नाही. मला पण काही वाटलं नाही. प्लास्टिकला काय वाटणार?

निशांतने जाताना मार्कर काढला, माझे आकडे सरळ करायला. अस्मिताने मला हिसकावून घेतलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. मला धुवा, पुसा, कपाटाखाली गेलो तर हात घालून काढा. पण मला सरळ करू नका. मला वाचायचं कसं, ते ह्या घरात कोणालाही विचारा. सांगतील.