सातुका आजीचा रिकामा रविवार

परगावी जेवायचं तर गर्दी बघून शिरावं, असं प्रवासी एकमेकांना सांगत असतात. आग लागो त्या अकलेला!

आरेकिपाहून पुनोला जाणारी बस आमच्या चौकात थांबते. तिथं दोनच खानावळी, एक माझी नि समोरची सातुका आजीची. पाटी कुणालाच नाही. रविवारी सकाळी सगळ्यांना अदोबो लागतो, म्हणजे रात्रभर मक्याच्या दारूत नि लाल मिरचीत मुरवलेलं डुकराचं मांस, सोबत पाव. खरं सांगते, आजीच्या अदोबोपुढं माझा म्हणजे नुसतं पाणी. तिच्याकडं जागा मिळाली नाही की मगच लोक माझ्याकडं वळायचे.

त्या रविवारी मात्र आजी एकेकाला दारातूनच परत फिरवत होती. "आज समोर मार्लेनीकडं जा रे बाबांनो. माझा नातू यायचाय." लिमाला गेलेल्या तिच्या लेकाचा पोरगा, येरसन. पुनोला नव्या नोकरीवर चाललेला. आजीनं त्याला कधी बघितलंच नव्हतं, आणि आता भेट व्हायची तीही बस थांबेल तेवढा अर्धा तास.

"आजी, एक टेबल त्याला ठेव की. बाकीच्यांना वाढ," मी म्हटलं.

"वाढत बसू की त्याच्याशी बोलू? तू जा बघू, रस्सा करपेल तुझा!"

बस आली. माझ्याकडं पाय ठेवायला जागा उरली नाही. एक दाढीवाला तरणा पोरगा कोपऱ्यात चेंगरून बसला. अदोबो खाल्ला, वर आणखी एक वाडगा मागून घेतला, पावानं पुसून लख्ख केला. बसचा हॉर्न वाजला तसा उठून माझ्यापाशी आला नि लाजत म्हणाला, "मावशी, सातुका आजी आत चुलीपाशी आहे का? गर्दी ओसरेल म्हणून थांबलो होतो. मी तिचा नातू."

"अरे मेल्या, ती समोर!"

"समोर तर चिटपाखरू नाही. बाबा म्हणाले होते, विचारत बसू नकोस, गर्दी दिसेल तीच आजीची."

दंडाला धरून त्याला पलीकडं नेलं. आजीनं त्याचे पटापट मुके घेतले नि वाडगा काठोकाठ भरून पुढ्यात ठेवला. बिचाऱ्यानं दोन घास कसेबसे रेटले.

"तिखट झालं का रे?"

"नाही गं आजी. पोट भरलंय."

बाहेर ड्रायव्हर बोंबलत होता. पोरगं रडवेलं होऊन गेलं.

मला वाटलं, आता आजी माझ्यावर तोंड टाकणार. पण तिनं तो भरलेला वाडगा उचलून बाजूला ठेवला.

"तुझ्याकडं पोटभर जेवला?"

"दोनदा घेतलं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"कुठं बसला होता?"

"कोपऱ्यात. खिडकीशी."

आजीनं वळून माझ्या खिडकीकडं बघितलं.

"इथून दिसतं की गं," ती म्हणाली. "त्याला जेवताना बघत तरी बसले असते. मी आपली बसच्या दाराकडंच डोळे लावून बसले."